गीता १८.२५ : नकाशावरची माझी एक रेघ



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला २५ वा. कर्माचे तीन प्रकार सांगताना भगवंत शेवटी तामस कर्माची ओळख करून देतात. अर्थ साधारण असा, की यातून पुढे काय ओढवेल, किती हानी होईल, कुणाला इजा होईल का आणि हे करायची आपली कुवत आहे का, या चार गोष्टी न बघता नुसत्या मोहाने जे काम हातात घेतलं जातं ते तामस.

तामस म्हटलं की आपल्याला दारू, मारामारी, दुपारपर्यंत लोळत पडणं, असलं काहीतरी आठवतं. मीही हा श्लोक वर्षानुवर्षं पटकन वाचून पुढे जायचो. आपण तर सज्जन माणसं! आयटीतली नोकरी, एकादशीचा उपवास, शनिवार-रविवारी जमेल तशी सेवा. मग गेल्या वर्षी जुलैत हा श्लोक मला चांगलाच लागला, आणि तोसुद्धा देवळात किंवा पारायणात नाही, तर नकाशा बघताना.

माझं घर माधवनगरचं. सांगलीला लागून, तासगावच्या रस्त्यावर. गाव लहान, पण पेठांची नावं वारांवरून. ॲपमध्ये नुसतं 'शनिवार पेठ' टाकलं तर ते बिचारं आम्हाला पुण्याला न्यायला निघतं. माधवनगर टाकावं तर बंगळुरातही माधवनगर, उज्जैनमध्येही, कटनीतही. एकदा आईने मागवलेलं औषध घेऊन आलेला मुलगा अर्धा तास गावात फिरत राहिला, कारण नकाशावर आमच्या गल्लीला नावच नव्हतं. ते मी बसून टाकलं. मग शेजारची गल्ली, मग कोपऱ्यावरची गिरणी, मग मारुतीचं देऊळ. लोकांनी मिळून बनवायचे नकाशे असतात, त्यात कुणीही भर घालू शकतं.

त्याआधी २०१९ चा महापूर होऊन गेला होता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी पुण्यात, आईबाबा माधवनगरला, मावशीचं कुटुंब सांगलीतून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात. कुठला रस्ता चालू आणि कुठला बंद, हे फोनवर विचारून विचारून मावसभावाला सांगताना घसा बसला होता. तेव्हापासून मनात होतं, की आपल्या भागाचा नकाशा कुणीतरी नीट करायला हवा. म्हणजे सुरुवात चांगल्या हेतूने झाली. हे सांगतो, कारण पुढचं सगळं त्या चांगल्या हेतूच्या आडोशालाच घडलं.

हळूहळू मी माधवनगर सोडून बाहेर सरकलो. बुधगाव, बिसूर, कवलापूर, नांद्रे, वसगडे, थेट भिलवडीपर्यंत. सॅटेलाइटचं चित्र उघडायचं, पांढरट रेघ दिसली की त्यावर माऊसने रस्ता काढायचा, सेव्ह करायचं. प्रत्येक वेळी माझ्या नावापुढचा आकडा एकने वाढायचा. शंभर, पाचशे, हजार. रात्री अकराला मीटिंग संपली की झोपण्याआधी वीस-पंचवीस रस्ते. बायको विचारायची, "हे काय चाललंय?" मी म्हणायचो, "सेवा."

अशाच एका रात्री कृष्णेवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेली एक सरळ रेघ दिसली. दोन्ही बाजूंनी गाडीवाट येऊन मिळत होती. म्हणजे पूल असणार. मी रस्ता काढला, दोन्ही टोकं जोडली. जेमतेम चाळीस सेकंद लागले असतील.

तो पूल नव्हता. तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता. आमच्या भागात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. नदीत दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, त्यांच्यामध्ये खाचा असतात. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून नदी मोकळी करतात. वरून एक अरुंद वाट असते, बहुतेक ठिकाणी कठडा नसतोच. उन्हाळ्यात त्यावरून सायकली, मोटरसायकली, बैलगाड्या, धीट माणसाची चारचाकीसुद्धा जाते. पावसाळ्यात तीच वाट पाण्याखाली.

आता इंजिनिअर मंडळींसाठी दोन ओळी. रस्ता शोधणारं प्रत्येक ॲप आतून एक जाळं बघत असतं, चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेला एक किंमत, बहुतेक वेळा वेळेची. सर्वांत कमी किमतीची वाट कशी काढायची, ते डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ मध्ये शोधलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. कॉलेजात आपण सगळ्यांनीच ते परीक्षेपुरतं घोकलंय. ते गणित चुकत नाही. पण त्याला जी रेघ दिली ती ते खरी मानतं. माझ्या एका रेघेने भिलवडीच्या पुलाचा वळसा वाचत होता, आठ-नऊ किलोमीटरचा. गणिताने ती आनंदाने उचलली.

गेल्या जुलैत मला एका अनोळखी माणसाचा निरोप आला. नकाशातल्या प्रत्येक बदलाखाली तो कुणी केला ते दिसतं, तिथूनच त्यांनी मला शोधलं होतं. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला निघाले होते. गाडीत आई, बायको, दोन मुलं. संध्याकाळ उलटलेली, पाऊस चालू. ॲपने मुख्य रस्ता सोडून उसातून खाली वळवलं. पुढची चाकं पाण्यात गेली तेव्हा त्यांना वाटलं, रस्त्यावर साचलंय. मागे बसलेल्या आई म्हणाल्या, "थांब, पाणी वाहतंय." थांबले. गाडी बंद पडली ती पडलीच. उतरून मुलांना कडेवर घेऊन मागे आले, मग वरच्या वस्तीतल्या पोरांनी ट्रॅक्टरने गाडी ओढली.

त्यांनी शिवी दिली नव्हती. शेवटी एवढंच लिहिलं होतं, की चूक माझीही आहे, पाणी बघायला हवं होतं, पण तिथे रस्ता आहे असं तुम्ही कशावरून लिहिलंत?

मी ऑफिसात होतो. तो निरोप मी चार-पाच वेळा वाचला. मग आधी काय केलं असेल, तर कारणं शोधली. ही माझी खरी पहिली प्रतिक्रिया, लपवत नाही. मी फुकट काम करतो. डोळे उघडे ठेवून गाडी चालवायला काय झालं? आणि रेघ काही खोटी नव्हती, मार्चमध्ये तिथे खरंच वाट असते.

या तिसऱ्या कारणापाशी मी अडकलो. द्रोणपर्वातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अश्वत्थामा मेला हे धर्मराज मोठ्याने म्हणाले, हत्तीचं मात्र हळू आवाजात. वाक्य खोटं नव्हतं. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ खाली आला. त्यांनी निदान हळू का होईना, उच्चार तरी केला होता. मी तेवढंही केलं नव्हतं. आणि करायची सोय होती! रस्ता नोंदवताना तो हंगामी आहे, त्यावरून पाणी जातं, कोणती वाहनं जाऊ शकतात, हे सगळं लिहायला रकाने असतात. भरलेच पाहिजेत असे नसतात, इतकंच. मी ते रिकामे ठेवले, कारण भरले असते तरी आकडा एकनेच वाढणार होता.

यात एक गोष्ट मला आधी कधीच सुचली नव्हती. नकाशांखाली जे सॅटेलाइटचं चित्र दिसतं, ते ढगाआडचं दाखवू शकत नाही. म्हणून वेगवेगळ्या तारखांची निरभ्र चित्रं निवडून ती जोडतात. आपल्याकडे निरभ्र आकाश कधी? हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. ढगातून आरपार बघणारे रडारचे उपग्रह आहेत, पुराच्या वेळी त्यांची चित्रं कामाला येतात, पण रोजच्या नकाशाखाली ती नसतात. म्हणजे महाराष्ट्राचा जो चेहरा आपण रोज स्क्रीनवर बघतो त्यात जवळपास पावसाळा नाहीच. नद्या आटलेल्या, बंधारे उघडे, ओढे म्हणजे वाळूचे पट्टे. ज्या चार महिन्यांवर इथलं सगळं जगणं चालतं तेच चार महिने चित्रातून गायब. आणि त्या चित्रावर बोट ठेवून मी वाट सांगत होतो.

माझ्या बाबतीत जीव वाचले. सगळीकडे तसं होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघं रात्री अकोले तालुक्यात नकाशा बघत चालले होते. वाटेतला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. तो पूल पाण्याखाली जातो हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघं गेले, पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेलेला होता. या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया आठवतात का? 'ॲप सांगेल तिथे उडी मारणार का', 'डोकं वापरा', हसण्याच्या इमोजी. अकोल्याच्या बातमीच्या वेळी मीसुद्धा असंच काहीतरी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं. आता ते शोधून काढायची हिंमत होत नाही.

वाट चुकली तर दोष कुणाचा, सांगणाऱ्याचा की चालणाऱ्याचा? मला वाटतं याचं उत्तर गीतेच्या रचनेतच आहे. सगळं सांगून झाल्यावर १८.६३ मध्ये भगवंत अर्जुनाला म्हणतात, की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निर्णय त्याचा. पण हे वाक्य कधी येतं बघा. सातशे श्लोकांच्या ग्रंथात, जवळजवळ शेवटी. आधी त्याच्या प्रत्येक शंकेला उत्तर, प्रत्येक वाटेचा परिणाम, काहीही हातचं न राखता. आणि सांगणारा कुठे बसलाय? त्याच रथावर, पुढे, बाण आधी लागतील अशा जागी. चालणाऱ्यावर जबाबदारी टाकायचा हक्क असा मिळवावा लागतो. रकाने रिकामे ठेवून, दोनशे किलोमीटरवर एसीत बसून, 'बघून जायचं होतं ना' म्हणायचा मला तो हक्क नव्हता.

हे मी एका सत्संगी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, तू कर्म केलंस, फळ त्याच्या हातात. दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय, मनाला लावून काय घेतोस?" माझं बरं वाटावं म्हणूनच बोलला तो. पण २.४७ आपण किती सोयीने वापरतो! तिथे शब्द 'फल' आहे. आजच्या श्लोकात शब्द 'अनुबंध' आहे, कर्माच्या मागून बांधल्यासारखं जे येतं ते. फळ म्हणजे मला काय मिळणार. ते सोडायचं. अनुबंध म्हणजे माझ्या कामाचं शेपूट कुणाच्या अंगावर पडणार. ते बघायचं. मी नेमकं उलटं करत होतो. आकडा, म्हणजे फळ, रोज झोपताना मोजत होतो आणि अनुबंध देवावर सोडला होता. वर त्याला निष्काम सेवा म्हणत होतो. श्लोकातला 'मोह' हा शब्द मला आधी फार मोठा वाटायचा, बाईचा, पैशाचा, खुर्चीचा. तो चार अंकी आकड्याचासुद्धा असतो.

आणि 'पौरुष', म्हणजे कुवत. आपल्या पिढीला हा शब्द टोचतो, कारण आपल्या हातातली यंत्रं इतकी ताकदवान आहेत की ती ताकद आपलीच वाटते. २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह मला चार-पाच मीटरच्या आत सांगतात मी कुठे उभा आहे. त्यांच्या घड्याळांत सापेक्षतावादामुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, तोसुद्धा हिशेबात धरलेला असतो. नाहीतर दिवसाभरात दहा किलोमीटरची चूक होईल. एवढं अचाट काम! पण चाकापुढे पाणी आहे का, हे त्यांना माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. ते फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसाला माहीत होतं.

त्या माणसाला मी भेटलो. ऑगस्टमध्ये घरी गेलो तेव्हा बाबांना स्कूटरवर मागे बसवून तो बंधारा बघायला गेलो. पाणी अजून वाटेवरून जात होतं, गढूळ, मोठा आवाज करत. रस्ता नदीकडे उतरतो तिथे बोरीच्या काट्याच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. आमच्याकडे त्याला बोराटी म्हणतात. शेजारी मोटारीच्या खोलीपाशी एक आजोबा बसले होते. दरवर्षी पाणी चढलं की बोराटी तेच टाकतात. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही. त्या रात्री कुणीतरी मोटरसायकल न्यायला फांद्या बाजूला केल्या आणि परत टाकल्या नाहीत.

मी सगळं खरं सांगितलं. नकाशा, रेघ, निरोप. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी हितं कवा आला हुतासा?"

म्हटलं, आलो नव्हतो. वरून बघितलं, सॅटेलाइटमधून.

"वरनं काय, समदं सपाटच दिसतंय की," ते म्हणाले. बाबा हसले. मी नाही हसलो.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी फोनवर टिपून घेतलं. बरगे कधी काढतात, कधी बसवतात, धरणातून पाणी सोडलं की ते इथे किती वेळाने पोचतं, चारचाकी कुठपर्यंत येऊ शकते, कुठे वळवायला जागा आहे. माझ्या हजारभर नोंदींपैकी कुठल्याही नोंदीत एवढी माहिती नव्हती.

रेघ पुसावी की ठेवावी, यावर मी बराच घोळ घातला. पुसली तर गावकऱ्यांचं काही अडत नाही, त्यांना नकाशा लागत नाही. ठेवली आणि 'हंगामी' लिहिलं तरी सगळी ॲप्स तो रकाना वाचतातच असं नाही. शेवटी चारचाकीसाठी ती बारा महिने बंद केली, दुचाकीसाठी हंगामी ठेवली. बरोबर केलं का? नक्की सांगता येत नाही. त्या गृहस्थांना माफीचा निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही, आणि यायला हवं असंही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आम्ही कुठे नकाशे बनवतो, आम्ही फक्त वापरतो. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकाराने ९९ मोबाइल एका हातगाडीत भरून रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेले. नकाशावर तो रस्ता लाल झाला, वाहतूक तुंबली म्हणून. आपला खिशातला फोन गप्प नसतो. आपण मार्चमध्ये बंधाऱ्यावरून गाडी घातली की तो कुठेतरी नोंदवतो, की इथून माणसं जातात. तुम्ही कुठल्यातरी निवांत घाटाचा, देवराईचा फोटो ठिकाणासकट टाकता, पाच तारे देता, ते बघून कुणीतरी लेकराबाळांसह निघतं. तिसऱ्या अध्यायात (३.२१) म्हटलंय, की मोठी माणसं जसं वागतात तसं बाकीचे वागतात. आता त्यासाठी मोठं असायचीही गरज राहिलेली नाही.

मी नकाशाचं काम सोडलेलं नाही. आकडा फार हळू वाढतो. ज्या रस्त्यावरून स्वतः गेलो नाही किंवा गेलेल्या माणसाशी बोललो नाही, तो काढत नाही. भिलवडीच्या पट्ट्यातल्या माझ्या जुन्या नोंदी एकेक करून तपासतोय, अजून निम्म्यासुद्धा झालेल्या नाहीत. त्यात आणखी तीन ठिकाणं अशीच सापडली.

त्या आजोबांच्या नातवाचा नंबर घेऊन ठेवला होता. परवा संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "दादा, बरगं काढायला लागल्यात." मी स्टँडअपमधून उठलो, बाहेर जाऊन त्याला फोन लावला आणि बोराटी टाकली का ते विचारलं. म्हणाला, आज्जा सकाळीच जाऊन आलाय.

उद्या १८.२६, सात्त्विक कर्त्याची लक्षणं.

राम कृष्ण हरी.